माय महिनाभर अंगणात झोपतेय: भूकंपाच्या भाकितांचं काय करायचं?

तेरणाकाठ

जरा मोठं लिहितेय. वाचा आणि आपापलं मत सांगा.

माझं माहेर औसा तालुक्यात. किल्लारीपासून आमचं गाव फार लांब नाही, पण बावन्न गावांच्या यादीत नव्हतं. त्यामुळे पुनर्वसन झालं नाही आणि आमचा जुना दगडमातीचा वाडा तसाच उभा आहे. दोन भिंतींना ९३ सालची चीर आहे. दर दिवाळीला माय ती पांढऱ्या मातीनं लिंपते आणि पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा दिसायला लागते. वडील गेल्यापासून माय तिथं एकटीच असते.

गेल्या महिन्यात तिच्या फोनवर एक व्हिडिओ आला. एक माणूस नकाशापुढं उभा राहून सांगतो की ग्रह एका रेषेत येतायत, पंधरा दिवसांत मराठवाड्यात सात रिश्टरचा भूकंप होणार, सरकारला माहीत आहे पण दाबून ठेवलंय. तुर्कस्तानचा भूकंपही याच पद्धतीनं आधी सांगितला होता म्हणे. पंधरा दिवस उलटले, काही झालं नाही. मग दुसरा व्हिडिओ आला, त्यात तारीख पुढं गेलेली. माय रोज रात्री खाट अंगणात काढते. परवा रात्री पावसाची सर आली तेव्हा बाजेवर उठून बसली, खताच्या पोत्याचं खोळ डोक्यावर घेतलं, पण आत गेली नाही. आता तिला ताप आहे.

मी फोनवर म्हणाले, "माय, असलं काही खरं नसतं." ती म्हणाली, "तुझ्या मावशीला बी लोक असंच म्हणले व्हते."

मावशी सास्तूरला दिलेली होती. १९९२ साली त्या पट्ट्यात ऑगस्टपासून धक्के बसत होते. ऑक्टोबरात एक चांगलाच, चारच्या आसपासचा बसला. लोक बाहेर झोपले. मग धक्के कमी झाले, थंडी पडली, लोक आत गेले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले. मी दहा वर्षांची होते. आमच्याकडे मांडणीवरची भांडी पडली आणि धाब्यातून माती गळायला लागली, एवढंच. मावशीकडचं कुणी राहिलं नाही.

त्यामुळे "असलं काही खरं नसतं" हे माझं वाक्य माझ्याच घशात अडकतं. मला मायला काहीतरी धड सांगायचंय. खरं शास्त्र कुठलं आणि थाप कुठली, हे माझ्यासारख्या साध्या माणसानं कसं ओळखायचं?

मांजरातीर

तोच व्हिडिओ लातूरला आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवरही आला होता. दोन घरं गावाकडं निघून गेली. मुलगी रात्री दिवा मालवू देत नाही. ताईंना उत्तर मिळालं तर मलाही हवंय.

काळीमाती

मी परभणीत कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, भूकंपाचा तज्ज्ञ नाही. पण हा प्रश्न निम्मा संख्याशास्त्राचाच आहे, म्हणून लिहितो.

भाकीत म्हणजे काय, ते आधी ठरवू. कुठं होणार, कधीपासून कधीपर्यंत, किती मोठा, आणि तो होण्याची शक्यता किती, या चारही गोष्टी घटनेच्या आधी, बदलता न येणाऱ्या जागी लिहिलेल्या हव्यात. यातली एक जरी मोकळी सोडली तर ते भाकीत नाही. "येत्या काळात मोठा भूकंप" यात कधी हे नाही. "आशियात हालचाल वाढेल" यात कुठं नाही, किती नाही.

आता आकडे बघा. जगात ६ किंवा त्याहून मोठे भूकंप वर्षाला साधारण १४० होतात, म्हणजे अडीच-तीन दिवसांना एक. मी आज डोळे मिटून म्हणालो की येत्या सात दिवसांत पृथ्वीवर कुठंतरी ६ चा भूकंप होईल, तर मी खरा ठरण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त आहे. ७ च्या वरचे वर्षाला सरासरी पंधराएक. "या महिन्यात एक महाभूकंप" म्हटलं तर दहांतून सात वेळा मी ज्योतिषी ठरेन. त्यासाठी ग्रह लागत नाहीत, यंत्र लागत नाही.

म्हणून दावा खरा ठरला का, एवढंच विचारून भागत नाही. काहीच न कळणाऱ्या माणसापेक्षा हा किती जास्त वेळा बरोबर येतो, हे विचारायचं. आणि त्यासाठी त्याची चुकलेली भाकितंही मोजावी लागतात. ती मोजायला कुणी ठेवतच नाही. चुकलेला व्हिडिओ काढून टाकतात, बरोबर आलेला वर्षानुवर्षं फिरवतात.

तुर्कस्तानचंच घ्या. फ्रँक हूगरबीट्स नावाच्या डच माणसानं ३ फेब्रुवारी २०२३ ला लिहिलं की त्या भागात आज ना उद्या साधारण ७.५ चा भूकंप होईल. ६ तारखेला ७.८ चा झाला, तुर्कस्तान आणि सीरिया मिळून पन्नास हजारांवर माणसं गेली. योग जुळला हे खरं. पण "आज ना उद्या" ही काही तारीख नाही. पूर्व अनातोलियाच्या भ्रंशावर, म्हणजे तिथल्या जमिनीखालच्या लांबलचक भेगेवर, मोठा भूकंप होऊ शकतो हे भूशास्त्रज्ञ कित्येक वर्षं सांगत होते, २०२० च्या जानेवारीत तिथंच ६.८ चा होऊनही गेला होता. त्या आधीचे आणि नंतरचे त्यांचे इशारे एकापुढं एक मांडून बघितले तर चित्र वेगळं दिसतं. पुढचा नंबर अफगाणिस्तान-पाकिस्तान-भारताचा, ही साखळी आपल्याकडंही फिरली होतीच.

मांजरातीर

पण ग्रहांचं काय? चंद्रामुळं समुद्राला भरती येते, तर जमिनीवर काहीच परिणाम नाही असं कसं म्हणायचं? मी खरंच विचारतोय.

काळीमाती

रास्त प्रश्न आहे. चंद्र आणि सूर्य जमिनीलाही ओढतात. खडकसुद्धा दिवसातून दोनदा वीस-तीस सेंटिमीटरपर्यंत वरखाली होतो. मोठ्या ओढीच्या दिवसांत काही ठिकाणी भूकंपांचं प्रमाण किंचित वाढलेलं दिसतं, असे अभ्यास आहेत. पण ते किंचितच. त्यावरून गाव-तारीख सांगता येत नाही.

ग्रहांचं म्हणाल तर ही ओढ अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झालं की ओढ आठपट कमी. मी वहीवर हिशोब केला. शुक्र आपल्या अगदी जवळ असतो तेव्हा त्याची ओढ चंद्राच्या सुमारे एकोणीस हजारांव्या भागाइतकी भरते. गुरूची तर पावणेदोन लाखांव्या भागाइतकी. सगळे एका रेषेत उभे केले तरी चंद्राच्या रोजच्या ओढीत ते हरवून जातात.

अमेरिकेत आयबेन ब्राउनिंग नावाच्या गृहस्थांनी अशाच भरतीच्या ओढीवरून ३ डिसेंबर १९९० च्या सुमाराला न्यू माद्रिदच्या पट्ट्यात मोठा भूकंप होईल असं सांगितलं होतं. शाळा बंद ठेवल्या गेल्या, वाहिन्यांच्या गाड्या तिथं जाऊन बसल्या. भूकंप झाला नाही.

वर्गाबाहेरचे गुरुजी

मी निवृत्त शिक्षक, भूगोल शिकवला. काळीमाती यांचं गणित मान्य आहे, पण सगळंच झटकून टाकू नका. त्या पहाटे आमच्या गावात कुत्री रडत होती, बैल दावं ओढत होते, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. आणि चीननं १९७५ साली हायचेंगचा भूकंप आधी ओळखून लोकांना बाहेर काढलंच होतं. तिथं प्राण्यांच्या हालचाली, विहिरींचं पाणी, सगळ्याची नोंद घेत होते. मग विज्ञान हे करू शकत नाही असं कसं म्हणता?

काळीमाती

गुरुजी, तुम्ही ऐकलं ते मी खोटं म्हणणार नाही. जनावरांना काही सेकंद आधी कळतं याला कारणही आहे. भूकंपाच्या लाटा दोन जातीच्या. पहिली सेकंदाला सहाएक किलोमीटरनं धावते, तिचा हादरा बारीक असतो आणि माणसाला बहुधा कळत नाही. दुसरी साडेतीन किलोमीटरनं येते आणि घरं पाडते. पहिली लाट कुत्र्याला जाणवू शकते. तास, दिवस आधीचं म्हणाल तर अडचण दुसरीच आहे. विसर्जनाच्या रात्री ढोल-ताशांनी, फटाक्यांनी कुत्री तशीही भुंकतात, पण ज्या रात्री काही झालं नाही त्या रात्रींचं भुंकणं कुणाच्या लक्षात राहत नाही. कुत्री किती रात्री रडली आणि त्यांतल्या किती रात्रींनंतर भूकंप झाला, ही वही कुणी ठेवली असती तरच बोलता आलं असतं.

हायचेंगचं खरं आहे. ४ फेब्रुवारी १९७५, ७.३ चा भूकंप. पण तिथं आदल्या दिवसापासून छोट्या धक्क्यांची रांग लागली होती, शेकड्यांनी धक्के. लोकांना बाहेर काढण्यात मोठा वाटा त्या धक्क्यांचा होता. ती पद्धत सिद्ध झाली असं सगळ्यांना वाटलं. दीड वर्षानं, २८ जुलै १९७६ ला तांगशान शहर रात्रीत झोपलं ते उठलंच नाही. तिथं आधीचे धक्के नव्हते, इशारा नव्हता. सरकारी आकडाच दोन लाख बेचाळीस हजारांचा आहे.

आणि विज्ञानानं प्रयत्न केला नाही असं नाही. कॅलिफोर्नियात पार्कफील्ड म्हणून गाव आहे, तिथं साधारण बावीस वर्षांनी ६ चा भूकंप येत होता. १९८५ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी जाहीर लिहून दिलं की पुढचा १९९३ संपायच्या आत येईल, शक्यता ९५ टक्के. जमिनीत जागोजाग यंत्रं पुरली आणि वाट बघत बसले. तो आला २८ सप्टेंबर २००४ ला. इतकी यंत्रं कानाला लावूनही आधी कसलीही खात्रीची चाहूल लागली नाही. आपलं चुकलं हे त्यांनीच जगापुढं मांडलं, त्यावर निबंध लिहिले. मला विचाराल तर शास्त्र आणि थाप यांत हाच फरक. शास्त्र आपल्या चुकीची तारीख लपवत नाही.

वर्गाबाहेरचे गुरुजी

तांगशानचं मला माहीत होतं, पण दोन्ही शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं. वहीचा मुद्दा पटला.

पांगऱ्याकडचा

मी वसमत तालुक्यातला. आमच्या पांगरा शिंदे भागात जमिनीतून गूढ आवाज येतात, हे पेपरात वाचलं असेल. आधी गडगडल्यासारखं होतं, मग पत्रे थरथरतात. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहा आठला ४.५ चा बसला. मी गोठ्यात धार काढत होतो. म्हैस उभीच्या उभी बाजूला सरकली आणि चरवी लवंडली. दहाएक मिनिटांनी दुसरा, ३.६ चा. पुन्हा १० जुलैला सकाळी सव्वासातच्या आत ४.५ चा. नांदेड-परभणीपर्यंत जाणवला.

दर वेळी धक्का बसला की दोन दिवसांत कुणीतरी उगवतो, "मी सांगितलं होतं" म्हणून. आमच्या भागात धक्का बसणार हे सांगायला काय लागतं? माझी आजीही सांगेल. पण आमच्या पोरांच्या डोक्यात बसलंय की आवाज म्हणजे मोठ्याची तयारी. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही.

तेरणाकाठ

पांगऱ्याकडचे दादा, माझाही काटा तिथंच रुतलाय. काळीमाती सर, ग्रहांचं सोडा, ते मी मायला समजावीन. पण ९२ चे धक्के? ती तर निसर्गानंच दिलेली सूचना होती ना? तेव्हा लोक आत गेले ते चुकलंच ना? मग आज माय बाहेर झोपते ती कुठं चुकते?

काळीमाती

ताई, हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. जपून लिहितो.

९२ च्या धक्क्यांना आज आपण पूर्वधक्के म्हणतो, कारण ९३ घडलं. ९३ घडलं नसतं तर तेच धक्के 'धक्क्यांचा थवा' म्हणून नोंदवहीत राहिले असते. धक्का बसताना त्याच्या अंगावर पूर्वधक्का असं लिहिलेलं नसतं. आणि थवे दख्खनच्या पठारावर कमी येत नाहीत. नांदेड शहराखाली २००६-०७ च्या सुमाराला असेच बारीक धक्के येत होते, लोक रस्त्यावर झोपले होते. निलंगा तालुक्यात हासोरीला २०२२ च्या सप्टेंबरात तेच झालं. पालघरकडं डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून हजारो धक्के मोजले, त्यांतला मोठा चारच्या आसपासचा. या तिन्ही ठिकाणी किल्लारी झाली नाही. पावसाळ्याचं पाणी भेगांतून खाली मुरतं, खडकावरचा दाब बदलतो आणि आधीच ताणलेल्या जागी बारीक सरकासरक होते, असं त्याचं एक कारण सांगतात. खडक उथळ जागी फुटतो म्हणून आवाजही ऐकू येतो.

मग शक्यता शून्य का? नाही. कॅलिफोर्नियाच्या जुन्या नोंदींवरून ठोकताळा असा की एखादा भूकंप झाला तर आठवड्याभरात त्याच भागात त्याहून मोठा येण्याची शक्यता साधारण पाच टक्के. म्हणजे वीसांतून एकोणीस वेळा काही होत नाही. आपल्या मातीला तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, पण अंदाज येतो. धक्के सुरू असताना काही दिवस सावध झोपणं शहाणपणाचंच आहे. तुमच्या मावशीच्या गावानं ९२ साली बाहेर झोपून चूक केली नाही. पण वर्षभर कोण बाहेर झोपणार? मोठा भूकंप ९२ च्या ऑक्टोबरातल्या त्या धक्क्यानंतर अकरा महिन्यांनी आला. इतका काळ कुठल्याही शास्त्रज्ञानं त्यांना बाहेर बसवून ठेवलं नसतं, आणि बसवलं असतं तर आठव्या महिन्यात त्याच्या शब्दाची किंमत गेली असती.

आत गेलेल्या माणसांची चूक नव्हती, ताई. एवढं मायला जरूर सांगा.

आज त्यांच्या गावात धक्के सुरू नाहीत. त्यांना बाहेर बसवलंय ते जमिनीनं नाही, व्हिडिओनं.

उदगीरची लेक

मी वकिली करते. यात दुसरी बाजूही यायला हवी, म्हणून लिहिते.

इटलीत ला'क्विला शहराजवळ २००९ साली महिनोंमहिने धक्के बसत होते. जुलियानी नावाचे तंत्रज्ञ जमिनीतून येणाऱ्या रेडॉन वायूवरून भाकितं करत होते. त्यांनी इशारा दिला तो मुख्यतः सुल्मोना या दुसऱ्या गावासाठी, आणि तिथं सांगितलेल्या वेळी काही झालं नाही. लोकांत घबराट पसरली म्हणून तज्ज्ञांची बैठक झाली. त्या वेळी एका अधिकाऱ्यानं वाहिनीवर लोकांना निर्धास्त केलं, धक्क्यांनी ऊर्जा थोडी थोडी बाहेर पडतेय ते चांगलंच आहे, अशा अर्थाचं सांगितलं. ६ एप्रिलला ६.३ चा भूकंप झाला. ३०९ माणसं गेली. पूर्वी धक्का बसला की रात्र चौकात काढायची ही तिथली जुनी रीत, ती त्या रात्री काहींनी सोडली होती. २०१२ साली सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी, सातही जणांना सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ ला अपिलात शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली पण राहिली.

"भूकंप होणार" हे सांगता येत नाही, तसंच "होणार नाही" हेही सांगता येत नाही. छोट्या धक्क्यांनी ऊर्जा निघून जाते हे आपल्याकडंही लोक सर्रास म्हणतात, पण ते हिशोबात बसत नाही. एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. ६ च्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडायला ४ चे हजार भूकंप लागतील. आपल्या माणसाची भीती घालवायची म्हणून आपण खोटा दिलासा दिला, तर आपणही त्या व्हिडिओवाल्याच्याच रांगेत बसतो.

मांजरातीर

मोबाइलवर भूकंपाचा इशारा येतो म्हणतात, तो काय प्रकार?

काळीमाती

ते भाकीत नाही. भूकंप सुरू झाल्यावर पहिली लाट पकडून लांबच्या लोकांना विजेच्या वेगानं कळवायचं, एवढंच. जपानमध्ये २००७ पासून देशभर आहे. पण ज्याच्या पायाखालीच केंद्र आहे त्याला वेळ मिळत नाही. किल्लारीचा भूकंप जमिनीखाली फार खोल नव्हता. तिथल्या माणसाला पहिली लाट आणि दुसरी लाट यांत जेमतेम एक-दोन सेकंद. लातूर तिथून चाळीसेक किलोमीटर धरलं तर घरं हलवणारी लाट अकराएक सेकंदांनी पोहोचते. यंत्रांची जाळी दाट असती तर लातूरकराला चार-पाच सेकंद मिळाले असते. टेबलाखाली शिरण्यापुरते.

भाकीतवाले या दोन गोष्टींची मुद्दाम सरमिसळ करतात. "जपानला आधी कळतं" म्हणतात ते हे.

गवंडीकाम

सगळं वाचलं. मी भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीत कामाला लागलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. तेव्हापासून हेच करतोय. मला ताईंना एकच विचारायचंय. खाट अंगणात आहे ती नेमकी कुठं? भिंतीपासून किती लांब? आणि भिंत कसली?

तेरणाकाठ

गोठ्याच्या भिंतीच्या कडेला. वारा लागू नये म्हणून. भिंत जुनी, दगडाची, आठ-नऊ फूट उंच असेल.

गवंडीकाम

ताई, आजच फोन करा आणि खाट तिथून काढा. भाकीत खरं असो खोटं असो, त्या भिंतीला भूकंपाचीही गरज नाही. महिनाभर पाऊस मुरलाय त्यात. भिंतीच्या उंचीच्या दीडपट तरी लांब पाहिजे, म्हणजे बारा-पंधरा फूट.

आता घराचं. आपल्याकडची जुनी भिंत दोन-तीन फूट जाड असते आणि माणसाला वाटतं की जाड म्हणजे भक्कम. पण ती एक भिंत नसतेच. आतून एक थर, बाहेरून एक थर, मध्ये माती आणि डबर. दोन थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. दगड गोलाटे, बसवलेले मातीत. हादरा आला की दोन्ही थर पोट फुगल्यासारखे फुगतात आणि बाहेरचा बाहेर, आतला आत कोसळतो. वर धाबं. दरवर्षी गळतं म्हणून दरवर्षी माती टाकत जायचं. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे दोनशे घनफूट, नऊ टनांच्या आसपास वजन. त्याखाली माणूस झोपलेला. किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता. एवढ्या भूकंपात जपानमध्ये इतकी माणसं जात नाहीत. आम्ही ढिगारे उपसले तेव्हा बघितलंय, कित्येक घरांत लाकडी खांब-तुळया उभ्या होत्या आणि भिंती तेवढ्या आत पडल्या होत्या.

किल्लारी तेव्हा नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती, पहिल्या झोनमध्ये. २००२ ला नकाशा बदलला तेव्हा हा भाग तिसऱ्यात गेला. म्हणजे कुठं होणार हेसुद्धा शिकत शिकत कळतंय. कधी होणार ते सोडाच.

घर पाडायची गरज नाही. एक, धाब्यावरची माती उतरवून आठ इंचांवर आणायची, खाली प्लास्टिकचा कागद घालायचा म्हणजे गळणार नाही. दोन, भिंतीत साधारण मीटर-मीटरवर दगड हलक्या हातानं काढून आरपार भोक पाडायचं, दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. तीच भिंतीची टाचणी. तीन, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपे लाकडी टेकू. जमलं तर दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना फिरणारा जाळी-सिमेंटचा पट्टा. पट्टा कोपऱ्यावर तोडायचा नाही, तिथंच तो कामाला येतो. ९३ नंतर सरकारी कार्यक्रमात हेच शिकवलं होतं. लोकांनी केलं थोडं, नंतर विसरले.

तुमची ती चीर दिवाळीला लिंपता ना? यंदा लिंपू नका. तिच्यावर दोन बाजूंना खुणा करा आणि मध्ये पट्टीनं माप घेऊन तारीख लिहा. वाढतेय की नाही ते कळेल.

पांगऱ्याकडचा

गवंडीदादा, पत्र्याच्या घराचं काय? आमच्याकडं आता बहुतेक पत्रेच, वर दगड ठेवतात वाऱ्यासाठी.

गवंडीकाम

ते दगड आधी उतरवा. पत्र्याला आकडे मारून तुळईला बांधा. पत्रा पडून माणूस जखमी होईल, वरचा दगड पडला तर जीव जाईल.

तेरणाकाठ

काल गावी जाऊन आले. उशिरा लिहितेय, माफ करा.

मायला मी ग्रहांचं सांगितलं नाही, आकडेही नाही. दोन्ही व्हिडिओ तिच्यासमोर पुन्हा लावले आणि तारखा कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहायला लावल्या. पहिल्या तारखेवर तिनं स्वतःच फुली मारली. दुसरी तारीख परवाच होऊन गेली होती, तिच्यावरही मारली. मग म्हणाली, "ह्यो माणूस तारीख सरकवतुय." मी काहीच बोलले नाही.

मावशीचं मात्र बोललो. आत गेलेल्यांची चूक नव्हती, हे काळीमाती सरांचं वाक्य मी तिला तसंच्या तसं सांगितलं. ती बराच वेळ चुलीकडं बघत बसली. मग म्हणाली की ९२ च्या थंडीत तीच मावशीला म्हणाली होती, "किती दिवस बाहेर निजतीस, जा आत." बत्तीस वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

गावातले एक गवंडी बोलावले होते. गोठ्याच्या भिंतीचा एक दगड काढून दाखवला त्यांनी. आत हात घातला तर ओली माती आणि पोकळी, माझा हात कोपरापर्यंत गेला. आरपार दगड एकही नाही. ती भिंत पाडायची ठरलीय. वाड्याच्या दोन खोल्यांचं काम दसऱ्यानंतर, धाब्याची माती आधी उतरवायची. चिरेवर खुणा केल्यात. वरच्या टोकाला सहा मिलिमीटर, खाली दोन.

माय अजून बाहेरच झोपते. दोन खोल्या झाल्या की आत येते म्हणाली. खाट आता अंगणाच्या मधोमध आहे, वर ताडपत्री बांधून दिली. ताप उतरलाय.

गवंडीदादा, भोकात भरायच्या काँक्रीटला खडी केवढी घ्यायची? आमच्या गवंड्यांनी हे काम आधी केलेलं नाही. काम सुरू होईल तेव्हा तुम्ही फोनवर त्यांच्याशी बोलाल का?

गवंडीकाम

बारीक खडी, अर्ध्या इंचाच्या आतली. भोक आधी पाणी मारून भिजवून घ्या, नाहीतर जुनी माती काँक्रीटचं पाणी ओढून घेईल. सळईला आतून माती लागू देऊ नका, चारही बाजूंनी काँक्रीट पाहिजे. दहा दिवस पाणी मारा.

फोनवर कशाला, औशाला मला पुढच्या महिन्यात काम आहेच. पहिली दोन भोकं मी स्वतः येऊन करून देतो, बाकीची ते करतील.

पांगऱ्याकडचा

फोटो टाका. आमच्याकडच्या गवंड्यालाही दाखवायचेत.